एकआसनी प्रशिक्षण ग्लायडर बनवताय? या चुका टाळा

रिमोटवरची विमानं उडवून झाली, स्पर्धेत ढाल मिळाली, की इंजिनीअरिंगच्या पोरांना पुढचा किडा चावतो: आता माणूस बसेल असं काहीतरी बनवू. इंजिन महाग, शिवाय त्याची वेगळी डोकेदुखी. म्हणून मग ग्लायडर. दोन सीटचं मोठं होतं, म्हणून एका सीटचं. आणि प्रोजेक्टच्या अर्जावर उद्देश लिहावा लागतो, म्हणून 'प्रशिक्षण'. पहिली चूक इथंच होते. 'प्रशिक्षण' हा शब्द शोभेपुरता लिहिला जातो आणि डिझाइन मात्र भलत्याच गोष्टीसाठी सुरू होतं.

एकआसनी ट्रेनरमध्ये चूक सावरायला मागे कुणी बसलेलं नसतं. प्रशिक्षक जमिनीवर उभा, फार तर त्याच्या हातात वॉकीटॉकी. त्यामुळे या यंत्राचा प्रत्येक निर्णय सगळ्यात कच्च्या पायलटसाठी आणि सगळ्यात वाईट दिवसासाठी घ्यावा लागतो. आपल्या नागपूरचा वाईट दिवस कसा असतो ते पुढे येईलच.

कोणासाठी बनवतोय ते आधी ठरवा

जर्मनीत १९३८ साली आलेलं एसजी-३८ हे शिकाऊ ग्लायडर म्हणजे पंख, शेपूट आणि मधे उघड्यावर एक खुर्ची. विद्यार्थी पहिल्या दिवसापासून एकटाच. आधी जमिनीवर घसरायचं, मग हातभर वर उचलायचं, मग टेकडीवरून रबरी दोराने झेप. त्या काळी हजारो पोरं अशीच शिकली, आणि आपटलीही बरीच. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर दोन सीटच्या ग्लायडरवर शिकवायची पद्धत रूढ झाली. आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक खात्याचं १९६१ सालचं रोहिणी हे शिकाऊ ग्लायडर शेजारी-शेजारी दोन सीटचं होतं. एका सीटचं कार्तिक (१९६३) त्यानंतरचं, आणि ते शिकून तयार झालेल्यांसाठी.

म्हणजे आज एकआसनी ट्रेनरची खरी जागा कोणती? दोन सीटवर शिकून सोलो झालेल्या, म्हणजे एकट्याने उडायला लागलेल्या मुलाला स्वस्तात तास भरता यावेत, उतरण्याचा हात बसावा, ही. जर्मन डिझायनर रुडॉल्फ कैसर यांचं १९५७ सालचं का-८ हे ग्लायडर याच कामाचं. ते हजाराहून जास्त बनलं आणि कित्येक क्लबांत अजून उडतं. 'शून्यापासून शिकवणारं' एकआसनी यंत्र बनवायला निघाला असाल तर थांबा. पुण्यात हडपसरला डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) ग्लायडिंग सेंटर आहे. संघातल्या निदान दोघांनी आधी तिथं जाऊन दुहेरी उड्डाणं घ्यावीत. ज्याने स्टिक (विमान चालवायचा दांडा) हातात धरलेली नाही त्याने स्टिकचा जोर किती असावा हे ठरवू नये.

ग्लाइड रेशोचं वेड

रिपोर्टमध्ये '१:३०' (एक मीटर खाली येताना तीस मीटर पुढे) लिहिलं की गाइड खूश होतात. ट्रेनरचं काम मात्र दुसऱ्याच आकड्यावर चालतं: पंखाच्या एका चौरस मीटरवर किती किलो. एसजी-३८ मध्ये हा आकडा १३ च्या आसपास, का-८ मध्ये २२, आणि पोलंडच्या पीडब्ल्यू-५ मध्ये ३० च्या जवळ. जसजसा तो वाढतो तसतसा स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख यंत्राला उचलून धरू शकत नाही तो) वाढतो, म्हणजे जमीन अंगावर येण्याचा वेगही.

हिशोब करून बघू. पायलटसकट २०० किलोचं यंत्र, पंखाचं क्षेत्रफळ १४ चौरस मीटर. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेत स्टॉल साधारण ४६ किमी ताशी येतो. तेच यंत्र 'सुटसुटीत दिसावं' म्हणून १० चौरस मीटरवर आणलं की ५४. आठ किमीचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण आपटण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. इथं ती जवळपास ४० टक्क्यांनी वाढली.

आता यात नागपूर घाला. सोनेगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे. मे महिन्यात दुपारी ४५ अंश असताना हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा १३ टक्के कमी भरते. वेगाच्या काट्यावर स्टॉल तोच दिसेल, पण जमिनीच्या तुलनेत खरा वेग ७ टक्के जास्त असेल आणि उतरतानाची ऊर्जा १५ टक्के जास्त. ओढणाऱ्या गाडीलाही तेवढंच जास्त पळावं लागतं, आणि मैदान तेवढंच राहतं. पुस्तकातली सगळी उदाहरणं १५ अंशांची असतात. आपल्याकडे १५ अंश म्हणजे डिसेंबरची पहाट.

विंगसेक्शन (पंखाचा आडवा छेद) निवडतानाही हाच घोटाळा होतो. मॉडेलच्या पंखावर रेनॉल्ड्स संख्या (पंखाचा आकार आणि वेग यांवरून हवा कशी वाहील ते सांगणारा आकडा) दीड-दोन लाख असते, माणसाच्या ग्लायडरवर दहा लाखांच्या आसपास. मॉडेलसाठी नावाजलेला पातळ सेक्शन उचलून इथं लावू नका. जाडसर, पुढून गोल, हळूच स्टॉल होणारा जुना गॉटिंगन घराण्यातला सेक्शन ट्रेनरला चांगला. जाड सेक्शनमध्ये स्पारलाही (पंखाच्या आतल्या मुख्य तुळईलाही) उंची मिळते, म्हणजे तीच ताकद कमी वजनात. टोकाकडे दोन-तीन अंश वॉशआउट (टोकाचा कोन कमी करणारा पीळ) द्या, म्हणजे मुळाशी स्टॉल आधी येईल आणि टोकाचे एलेरॉन (यंत्र डावीकडे-उजवीकडे कलवणाऱ्या हलत्या पट्ट्या) तोवर ऐकतील.

सीजी (गुरुत्वमध्य): सगळ्यात जास्त इथं घसरतात

एकआसनी ग्लायडरमध्ये पायलट हाच सगळ्यात जड 'पुर्जा' आणि तो पंखाच्या पुढे बसतो. म्हणजे रिकामं यंत्र नेहमीच शेपटीकडे जड असणार आणि माणूस बसला की सीजी पुढे येणार. माणूस हलका असला तर पुरेसा पुढे येणार नाही. आणि नेमका हलका विद्यार्थीच बहुधा सगळ्यात नवखा असतो.

वरच्याच यंत्राचं उदाहरण पुढे नेतो. पंखाची सरासरी कॉर्ड (पुढून मागे रुंदी) १.२ मीटर. सीजीची मर्यादा २५ ते ३८ टक्के, म्हणजे लीडिंग एजपासून (पंखाच्या पुढच्या कडेपासून) ३० ते ४५.६ सेंटीमीटर मागे. रिकामं वजन १२० किलो, त्याचा सीजी ८० सेंटीमीटर मागे. पायलटचा मध्य लीडिंग एजच्या ३५ सेंटीमीटर पुढे. ८० किलोचा पायलट बसला की सीजी ३४ सेंटीमीटरवर येतो, २८ टक्के, झकास. ५० किलोची मुलगी बसली की तो ४६ वर जातो, ३८ टक्क्यांच्या बाहेर. आणि ९५ किलोच्या माणसाला बसवलं तर २४ टक्के, म्हणजे तोही पुढून बाहेर. चाचणी ८० किलोच्या सरांनी केली, सगळं मस्त उडालं, म्हणून यंत्र विद्यार्थिनीला दिलं, ही घोडचूक.

उपाय अवघड नाही. पायांच्या पुढे, लीडिंग एजच्या ९० सेंटीमीटर पुढे, बॅलास्टची (समतोलासाठीच्या वजनाची) पक्की पेटी ठेवा. ५० किलोच्या पायलटसाठी तिथं साडेपाच किलो शिसं टाकलं की सीजी ४२ सेंटीमीटरवर येतो. पेटीला बोल्ट हवा. वाळूची पिशवी सीटखाली कोंबणं हा बॅलास्ट नव्हे. सीटसमोर पाटी लावा: किमान इतके किलो, कमाल इतके किलो, यापेक्षा कमी असाल तर इतकं बॅलास्ट. आणि माणसाचं वजन त्याच्या तोंडून ऐकू नका, काट्यावर करा.

शेपटीत चढणाऱ्या वजनावर लक्ष ठेवायला कुणी तयार नसतं. याच यंत्रात ४.३ मीटर मागे एक किलो वाढला तर तो सावरायला नाकात तीन किलोंहून जास्त घालावे लागतात. रडरवर (शेपटीच्या उभ्या सुकाणूवर) कॉलेजचं नाव रंगवायचा मोह आवरा. रंगाचा दुसरा हात, थोडं पुट्टी, एक जाड बिजागरी, असं करत करत शेपूट दोन किलोंनी वाढते आणि डिझाइनच्या एक्सेल शीटला त्याचा पत्ताच नसतो. प्रत्येक भाग बनला की लगेच तोला आणि शीटमध्ये खरा आकडा टाका.

बाजारातला माल

नागपूरच्या लोखंडबाजारात, लोहाओळीत, सगळं मिळतं, हीच अडचण आहे.

ॲल्युमिनियमची नळी घेताना दुकानदार हमखास ६०६३ देतो, कारण खिडक्या-दारांची सेक्शनं त्याचीच बनतात. तुमच्या हिशोबात बहुधा ६०६१-टी६ असतं. ६०६१-टी६ चा यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो) सुमारे २७५ मेगापास्कल, ६०६३-टी५ चा १४५. दिसायला दोन्ही सारखीच चकचकीत. म्हणजे तुमचा दीडचा सुरक्षा गुणांक नळी घेतानाच संपला. धातूच्या कारखान्याचं प्रमाणपत्र (मिल सर्टिफिकेट) मागा, आणि ते मिळालं तरी एक तुकडा कॉलेजच्या मशीनवर ओढून बघा. ६०६१ वेल्ड करू नका. वेल्डजवळची टेम्पर (उष्णता देऊन आणलेला कडकपणा) उतरते आणि नळी तिथं मऊ पडते. गसेट, बोल्ट, रिव्हेट वापरा.

लाकडाचं वेगळं. विदर्भात राहून सागवानाचा मोह होणार नाही असं कसं होईल? चंद्रपूर-गोंदियाचा साग दारात आहे. पण साग घनमीटरला साडेसहाशे किलोंच्या घरात, स्प्रूस चारशे-साडेचारशे. वजन दीडपट आणि कडकपणा त्या मानाने वाढत नाही. वर सागात तेल असतं, त्याला गोंद धरायला खळखळ करतो. साग घरच्या दारासाठी ठेवा. स्पारसाठी स्प्रूसच घ्या, आणि त्यातही तंतूंची रेषा बघा: पंधरा इंचात एक इंचाहून जास्त रेषा तिरकी जात असेल तर ती फळी बाजूला. प्लायवूड मरीन असलं तरी आतल्या थरात पोकळी असू शकते. उजेडासमोर धरा, नाण्याने टकटक करा.

गोंदाबाबत एकच सांगतो. सुताराचा पांढरा गोंद सतत ताणाखाली, विशेषतः उन्हात, हळूहळू सरकतो. खुर्चीला चालतो, स्पारला नाही. रिसॉर्सिनॉल किंवा विमानांसाठीचं इपॉक्सी घ्या.

आणि बोल्ट. भार घेणारा बोल्ट थ्रेडवर बसता कामा नये, त्याचा गुळगुळीत भाग भोकात हवा. फिरणाऱ्या सांध्यावर नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) पुरत नाही. तिथं कॅसल नट आणि स्प्लिट पिन.

ऊन आणि पावसाळा

खोलीच्या तापमानाला जमलेलं साधं इपॉक्सी ५०-६० अंशांनंतर मऊ पडू लागतं. मेच्या उन्हात उभ्या गडद रंगाच्या पंखाचा पृष्ठभाग त्याच्या सहज पुढे जातो. फायबरची ग्लायडरं पांढरीच का असतात याचं उत्तर हेच. भगवी-निळी नक्षी करायची असेल तर ती पायलटच्या हेल्मेटवर करा. लॅमिनेशन झाल्यावर रेझिनवाल्याने सांगितलेलं पोस्ट-क्युअरही (जमल्यावर पुन्हा ठरलेल्या तापमानाला तापवणं) करा. पत्र्याच्या पेटीत हॅलोजन लावून ते जमतं, फक्त आत तीन-चार ठिकाणी थर्मामीटर ठेवा.

पावसाळ्यात उलटं संकट. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो; तो पाण्याने धुऊन, घासून काढल्याशिवाय पुढचा थर चिकटत नाही. लाकूड मेमध्ये वाळतं आणि ऑगस्टमध्ये फुगतं. मेमध्ये घट्ट बसवलेल्या रिबा (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या) ऑगस्टमध्ये वाकड्या दिसल्या तर आश्चर्य मानू नका. लाकडातली ओल ८ ते १२ टक्क्यांत असतानाच जोडकाम करा, मीटर स्वस्त मिळतो. कापड चढवायचं काम दिवाळीनंतर ठेवलं तर निम्मे त्रास वाचतात.

कापडावरून आठवलं. पॉलिएस्टर इस्त्रीने ताणतात, आणि घरच्या इस्त्रीवरच्या 'कॉटन', 'सिल्क'च्या खुणांवर कुणी विसंबू नये. तापमान मोजा. १२० अंशांच्या आसपास सुरुवात करून टप्प्याटप्प्याने वर जा. एकदम तापवलं तर कापड ट्रेलिंग एजला (पंखाच्या मागच्या कडेला) आत ओढून घेतं आणि महिनाभर घासून बनवलेला पंख नावेसारखा होतो. गांधीबागेच्या कापडबाजारातलं अस्तराचं कापड कितीही मजबूत वाटलं तरी नको.

वाळूच्या पोत्यांची चाचणी

ही चाचणी बहुतेक संघ करतात, आणि बहुतेक चुकीची करतात.

ग्लायडरसाठीच्या युरोपच्या सीएस-२२ नियमांप्रमाणे युटिलिटी प्रकारात पंखाला +५.३ जी (वजनाच्या ५.३ पट भार) आणि उलट दिशेने −२.६५ जी झेपलं पाहिजे, आणि त्यावर दीडपट अंतिम भार. पोरं २०० गुणिले ५.३ करून १०६० किलो पोती मोजतात. चुकलं. उडताना पंखाचं स्वतःचं वजन त्याच्या मुळाला वाकवत नाही, उलट लिफ्टच्या विरुद्ध असल्यामुळे भार हलका करतं. दोन्ही पंख मिळून ५० किलोंचे असतील तर मुळाने पेलायचे ते १५० किलो: १५० गुणिले ५.३ म्हणजे ७९५. चाचणीत पंख उलटा ठेवलेला असतो, तेव्हा त्याचं वजन पोत्यांच्याच बाजूने काम करतं, म्हणून ५० वजा. उरले सुमारे ७४५ किलो, दोन्ही पंखांवर मिळून. अंतिम भाराला सुमारे ११४०. जास्त टाकलं तर काय बिघडलं, असं विचारणारा एक जण असतोच. चांगला पंख विनाकारण मोडतो आणि वर्ष वाया जातं, हे बिघडतं.

पोती सारखी पसरू नका. मुळाशी जास्त, टोकाकडे कमी, लंबवर्तुळाच्या जवळपास. मोठी पोती एकमेकांना खेटून ठेवली की पंख वाकल्यावर ती कमान धरतात आणि स्वतःच भार पेलायला लागतात. लहान पिशव्या करा, मधे फट ठेवा. आणि कन्हान नदीची वाळू ओली आली असेल तर पिशवीमागे वजन किती वाढेल सांगता येत नाही. प्रत्येक पिशवी तोलून तिच्यावर आकडा लिहा.

स्ट्रटवाल्या (खालून तिरक्या नळीचा टेकू असलेल्या) पंखाला उलट दिशेची चाचणी चुकवू नका. वर उडताना स्ट्रट ताणला जातो, त्यात तो सहसा हरत नाही. जोरात उतरताना किंवा ऋण जी मध्ये तो दाबला जातो, आणि बारीक लांब नळी तिथं काडीसारखी वाकते.

पीळ मोजायला मात्र क्वचितच कुणी बसतं. टोकाला फळी बांधून ठरलेला पीळ द्या आणि किती अंश फिरतं ते नोंदवा, दोन्ही पंखांवर. पुढचा डी-बॉक्स (पंखाच्या पुढच्या कडेची बंद पेटी) नीट चिकटलेला नसेल तर ते इथंच उघडं पडतं, नाहीतर हवेत फ्लटरच्या, म्हणजे वाढत जाणाऱ्या फडफडीच्या रूपाने.

उडवताना दिसणाऱ्या तक्रारी आणि त्यांची मुळं

एलेरॉन दाबला की नाक उलट्या बाजूला वळतं: हा सगळ्या लांब पंखांचा स्वभाव आहे, पण ट्रेनरमध्ये तो आवाक्यात हवा. एलेरॉन वर जितका जातो त्याच्या निम्माच खाली जाईल अशी जोडणी करा, आणि रडर मोठा ठेवा. रडर लहान असल्याची तक्रार मी पुष्कळ ऐकली, मोठा असल्याची कधीच नाही.

एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) फार 'चटपटा' वाटतो, नाक वर-खाली डोलतं: सगळे लगेच स्टिकचं लिव्हर बदलायला धावतात. आधी सीजी पुन्हा मोजा. तो मागे असेल तर लिव्हर बदलून फक्त लक्षण झाकलं जाईल.

सरळ जाताना एक पंख सतत खाली: ट्रिमची पट्टी चिकटवण्याआधी दोन्ही पंखांचा कोन प्रत्येक रिबवर डिजिटल लेव्हलने मोजा. अर्ध्या अंशाचा फरकही पुरतो. शेडच्या दारात एकच पंख उन्हात राहिला असेल तर तेही विचारात घ्या. स्टॉलमध्ये नेहमी एकच पंख पडत असेल तर कारण बहुधा दोन्ही पंखांच्या कोनातला फरकच, फक्त तो वॉशआउटमधला.

सकाळी कंट्रोल ठीक, दुपारी घट्ट: सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि केबल स्टीलची असेल तर उन्हात सांगाडा जास्त वाढतो आणि केबल ताणली जाते. लाकडी सांगाड्यात उलट, दुपारी केबल ढिली पडते. चार मीटरवर तीस अंशांत फरक मिलिमीटरभराचाच, पण टर्नबकल (केबल ताणायचा स्क्रू) सकाळच्या थंडीत कसला असेल तर तो जाणवतो. ताण उडण्याच्या वेळच्या तापमानाला लावा.

वेगाचा काटा हलतच नाही: वेग मोजायला समोरून हवा घेणाऱ्या पिटोट नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलंय का ते बघा. पावसाळ्यानंतर हे हमखास. नळीला लाल फीत लावलेलं झाकण घाला.

स्टिकमध्ये गुरगुर, थरथर: वेग कमी करा, उतरा, आणि त्या दिवशी पुन्हा उडू नका. कुठल्यातरी बिजागरीत, पुश-रॉडच्या टोकात ढिलाई आहे किंवा कंट्रोल सरफेसला (एलेरॉन, एलिव्हेटर, रडर) पुढून वजन कमी पडतंय. 'थोडंसंच आहे' असं फ्लटरच्या बाबतीत नसतं.

पंख सोडून पुन्हा जोडल्यावर एलेरॉन उलटे लागले: हे वाचून हसू येतं, पण चांगल्या क्लबांतही घडलेलं आहे. डाव्या-उजव्या केबलची टोकं वेगवेगळ्या मापाची ठेवा, म्हणजे ती चुकीच्या जागी बसणारच नाहीत. शिवाय प्रत्येक जोडणीनंतर एकाने सरफेस हाताने धरायचा आणि दुसऱ्याने स्टिक हलवायची. नुसतं हलताना बघणं पुरत नाही.

ओढायचं कसं, कुठं, आणि कोणाच्या परवानगीने

एसजी-३८ ची रबरी दोराची पद्धत टेकड्यांच्या मुलखातली. सेमिनरी हिल्स झाडांनी आणि वस्तीने वेढलेली, बाकी नागपूर सपाट. म्हणजे आपल्याला गाडीने किंवा विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) ओढणंच भाग आहे. सुरुवातीच्या घसरण्या नाकाजवळच्या हुकावरून करा. सीजीजवळचा हुक विंचवर उंची देतो, पण त्यावर नाक झपकन वर जातं आणि त्या क्षणी दोर तुटला तर नवख्याच्या हातात वेळ उरत नाही. दोरात ठरलेल्या ताकदीचा वीक लिंक (जास्त ताण आला की आधी तुटणारा दुवा) हवाच. रिलीज हुक दोर ताणलेला असताना सुटतो का ते दर सकाळी बघा. सैल दोरावर तर कोणताही हुक सुटतो.

कायद्याच्या व्याख्येत ग्लायडर हे विमानच आहे. पूर्वी १९३४ च्या कायद्यात तसं होतं, आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमातही तसंच आहे. तेव्हा डीजीसीएशी पत्रव्यवहार पहिली नळी कापण्याआधी सुरू करा. एखाद्या मित्राच्या उमरेड रोडच्या शेतात 'फक्त पाच फूट' उचलून बघू, हा बेत करू नका. सोनेगावला प्रवासी विमानांसोबत हवाई दलाचीही वर्दळ असते, आणि मंजुरीशिवाय माणूस उचलला तर अपघातानंतर विमा, कॉलेज, कुणीच मागे उभं राहत नाही.

परवानगी आणि मैदान मिळालं तरी पहिली चाचणी अनुभवी ग्लायडर पायलटनेच करायची, डिझाइन करणाऱ्याने नाही. सकाळी सूर्य वर यायच्या आत, वारा पडलेला असताना. मार्च उजाडला की दहानंतर मैदानात वावटळी फिरायला लागतात. १४ किलो प्रति चौरस मीटरचं यंत्र त्यात सापडलं तर जमिनीवर उभं असलं तरी उलटतं, म्हणून दोन माणसं पंखावर आणि खुंट्या तयार हव्यात. आधी फक्त घसरणं, कंट्रोल ऐकतात का एवढंच बघत. मग हातभर उंची, सरळ, तिथंच खाली. वळण या टप्प्यात नाहीच. प्रत्येक खेपेला पायलटचं वजन, बॅलास्ट, तापमान, वारा आणि गाडीचा वेग वहीत लिहायचा, आणि या पाचांतली एकाच वेळी एकच गोष्ट बदलायची.